सुटीच्या काळातील वकिलांचा ताण : कारणे, स्वरूप व व्यवस्थापन
(बुटीबोरी-नागपूर परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : विधी व्यवसाय, न्यायालयीन सुटी, मुदत, व्यावसायिक ताण, विश्रांती, विधी शिक्षण.

प्रस्तावना :

न्यायालयांना सुट्या फार, अशी तक्रार भारतात अनेक वर्षांपासून केली जाते. न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ च्या अहवालात या सुट्या २१ दिवसांनी कमी कराव्यात असे सुचविले. विधी आयोगाच्या २००९ च्या २३० व्या अहवालाने वरिष्ठ न्यायालयांच्या सुट्यांत १० ते १५ दिवसांची कपात सुचविली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांत दुरुस्ती होऊन उन्हाळी सुटीला 'अंशतः न्यायालयीन कामकाजाचे दिवस' असे नाव मिळाले. या संपूर्ण चर्चेत प्रलंबित खटले आणि न्यायाधीशांचे कामाचे दिवस यांचा विचार झाला. न्यायालयाची सुटी वकिलाच्या वाट्याला कितपत येते, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

सुटीच्या फलकावरून असे वाटते की, न्यायालय बंद झाले म्हणजे वकील मोकळा झाला. वास्तविक सणासुदीचे दिवस हे अनेक वकिलांसाठी वर्षातील सर्वाधिक ओढाताणीचे दिवस असतात. हा ताण कोठून निर्माण होतो, तो केवळ वैयक्तिक मनोबलाच्या अभावाचा प्रश्न आहे की कामाच्या रचनेचा, आणि त्याचे व्यवस्थापन कोणत्या पातळीवर करता येईल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी नागपूर व बुटीबोरी हा परिसर निवडण्याचे कारण स्पष्ट आहे. येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ, जिल्हा न्यायालय, मोठी औद्योगिक वसाहत आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ ही चारही केंद्रे सुमारे ३० किलोमीटरच्या पट्ट्यात एकवटलेली आहेत.

१. न्यायालयाचे वर्ष आणि सणांचे वर्ष :

नागपूरला वकिलीची दीर्घ परंपरा आहे. १९३६ मध्ये येथे स्वतंत्र उच्च न्यायालय सुरू झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कार्यरत झाले. या उच्च न्यायालयाच्या वर्षात उन्हाळी, दिवाळी आणि नाताळ अशा तीन सुट्या असतात.

याच वर्षावर विदर्भाच्या सणांचे वर्ष येऊन बसते. पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मारबत, गणपती, घरोघरच्या महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा जनसागर आणि मग दिवाळी अशी ही सलग मालिका आहे. हाच काळ ग्रामीण पक्षकाराच्या घरी सोयाबीन निघण्याचा आणि कापसाच्या वेचणीचा असतो. शेतातील कामामुळे तो पेशीला येऊ शकत नाही. आणि पीक विकून हाती पैसा आला की आपले प्रकरण दिवाळीपूर्वी मार्गी लागावे, अशी त्याची अपेक्षा असते. दिवाळीनंतर थोडी उसंत मिळते न मिळते तोच डिसेंबर उजाडतो. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याची प्रथा असून ते सामान्यतः याच महिन्यात भरते. शासकीय बाजू सांभाळणाऱ्या वकिलांचे काम त्यामुळे वाढते आणि पाठोपाठ नाताळची सुटी येते.

सुटी लागण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरतात. ज्याला अंतरिम आदेश हवा आहे त्याला तो सुटीपूर्वी हवा असतो. ज्याला अतिक्रमण, बांधकाम वा ताबा याबाबत काही उरकून घ्यायचे आहे त्याला न्यायालय बंद असण्याची वेळ सोयीची वाटते. परिणामी एका बाजूचा वकील मनाई हुकूमासाठी धावतो आणि दुसऱ्या बाजूचा तो टाळण्यासाठी. सुटी सुरू होते त्या दिवशी दोघेही थकलेले असतात.

२. सुटीतही न थांबणारी घड्याळे :

वकिलाचा सुटीतील ताण समजून घ्यायचा तर कायद्यातील मुदतींचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. काही मुदती सुटीत थांबतात, तर काही थांबत नाहीत. या दोहोंतील सीमारेषा चुकली तर पक्षकाराचा हक्क कायमचा बुडू शकतो.

१९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ४ वकिलाला दिलासा देणारे आहे. दावा, अपील वा अर्ज यांची विहित मुदत न्यायालय बंद असताना संपत असेल, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी तो दाखल करता येतो. परंतु हे संरक्षण सर्वत्र मिळत नाही. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ अन्वये निवाड्याला आव्हान देण्यास तीन महिन्यांची मुदत आहे आणि पुरेसे कारण दाखविल्यास आणखी कमाल ३० दिवसांची सवलत मिळते. १० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या माय प्रिफर्ड ट्रान्स्फॉर्मेशन विरुद्ध फरिदाबाद इम्प्लिमेंट्स या प्रकरणात सवलतीचे ३० दिवस दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या उन्हाळी सुटीत, २८ जून रोजी संपले होते. न्यायालय उघडताच ४ जुलैला अर्ज दाखल झाला. तरीही तो मुदतबाह्य ठरला. कारण कलम ४ चे संरक्षण मूळ तीन महिन्यांच्या 'विहित मुदती'ला मिळते, वाढीव ३० दिवसांना नव्हे.

धनादेश अनादराच्या प्रकरणातही असाच बारकावा आहे. बँकेकडून धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत धनादेश देणाऱ्यास लेखी नोटीस द्यावी लागते. ही नोटीस न्यायालयात दाखल करावयाची नसते, त्यामुळे न्यायालयाच्या सुटीचा तिच्याशी संबंध नाही. पुढे तक्रार दाखल करण्यास झालेला विलंब पुरेशा कारणास्तव माफ होऊ शकतो; नोटिशीचा विलंब माफ करण्याची तरतूद नाही. दिवाळीपूर्वीच्या उधारीचे धनादेश हाताळणाऱ्या वकिलाला लक्ष्मीपूजनाच्या धामधुमीतही हे दिवस मोजत राहावे लागतात.

फौजदारी प्रकरणांत व्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीस प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. त्यासाठी सुटीच्या दिवशीही रिमांडचे काम चालते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार ६० अथवा ९० दिवसांत तपास पूर्ण झाला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. पूर्वीच्या संहितेतील याच हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एस. कासी प्रकरणात स्पष्ट केले की, महासाथीच्या काळात मुदती वाढविणारा आदेशही त्याला लागू होत नाही. मात्र दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी आरोपीने अर्ज करणे आवश्यक असते. असा दिवस भाऊबिजेला आला तर त्या दिवशी त्याच्या वकिलाला घरी थांबता येत नाही.

३. बुटीबोरी : सणाची तारीख आणि कायद्याची तारीख :

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावरील बुटीबोरी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत आहे. येथील कारखाने, कंत्राटदार व कामगार संघटना यांची न्यायालयीन कामे मुख्यतः नागपूरच्या न्यायालयांत चालतात. दिवाळी जवळ आली की या परिसरातील कामगार कायद्याच्या वकिलांपुढे एक विशिष्ट प्रश्न दरवर्षी उभा राहतो. तो बोनसचा होय.

१९६५ च्या बोनस कायद्यानुसार किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के बोनस देय होता आणि तो हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यावयाचा असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही हे दर व ही मुदत कायम आहे. हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर कायद्याने शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर हा येतो. कामगाराच्या दृष्टीने मात्र बोनसची अंतिम तारीख एकच, ती म्हणजे दिवाळी. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. म्हणजे सणाची तारीख आणि कायद्याची तारीख यांतील अंतर या तीन वर्षांत अनुक्रमे १८, २९ आणि ४० दिवसांचे होते. दिवाळी जितकी लवकर, तितका वाटाघाटीवरील दाब अधिक.

व्यवस्थापनाचा सल्लागार कायद्याची तारीख दाखवतो, तर संघटनेचा वकील कामगारांच्या घरची निकड मांडतो. तडजोड झाली नाही तर संपाची नोटीस, मनाईचा अर्ज आणि प्रत्युत्तर ही सर्व कामे न्यायालयाच्या सुटीच्या तोंडावर येतात. शेकडो घरांची दिवाळी आपल्या हातातील मसुद्यावर अवलंबून आहे, ही जाणीव दोन्ही बाजूंच्या वकिलांना असते. व्यावसायिक ताणाचा हा नैतिक पैलू कामाच्या तासांत मोजता येत नाही.

४. उत्पन्न, घर आणि मौन :

ताणाची आणखी तीन कारणे व्यवसायाच्या रचनेतच आहेत.

पहिले कारण उत्पन्नाचे. महाविद्यालयीन प्राध्यापकाला दिवाळीच्या सुटीतही वेतन मिळते. स्वतंत्र वकिलाला सुटीचे वेतन नसते. न्यायालय बंद म्हणजे पेशीची फी बंद. सणाचा खर्च मात्र त्याच महिन्यात असतो. कनिष्ठ वकिलांची स्थिती अधिक नाजूक असते. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मधील परिपत्रकात कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. तथापि ही शिफारस आहे, बंधन नव्हे.

दुसरे कारण घरातील श्रमविभागणीचे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे विनावेतन घरकामाला देतात, असे दिसून आले. हे सर्वसाधारण दिवसाचे चित्र होय. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आणि दिवाळीचा फराळ त्यात मिळविल्यास, सणापूर्वीच्या आठवड्यात मनाई हुकूमाचा युक्तिवाद करणाऱ्या महिला वकिलाचा दिवस किती वेळा विभागला जातो, याची कल्पना येते.

तिसरे कारण मौनाचे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने वकिलावर घातले आहे. हे बंधन योग्यच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, दिवसभर मनाला पोखरणारी गोष्ट वकील घरी सांगू शकत नाही. सणाच्या पंगतीत तो असतो, पण त्याचे मन तेथे नसते आणि त्याचे कारणही त्याला सांगता येत नाही. प्रतिष्ठेच्या कल्पनेमुळे सहकाऱ्यांजवळ थकवा कबूल करणेही कठीण जाते.

हा प्रश्न केवळ येथलाच आहे असे नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२,८२५ वकिलांच्या अभ्यासात सुमारे २८ टक्के वकिलांत नैराश्याची व १९ टक्के वकिलांत चिंतेची लक्षणे आढळली, तर २०.६ टक्के वकिलांचे मद्यपान घातक पातळीचे होते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

५. विश्रांती म्हणजे काय? :

काम बंद असणे आणि विश्रांती मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिने सोनेनटाग व शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विश्रांतीच्या अनुभवाचे चार घटक मांडले : कामापासून मनाने अलिप्त होणे, शरीर व मन सैलावणे, कामाव्यतिरिक्त एखाद्या गोष्टीत प्रावीण्य मिळविण्याचा आनंद आणि स्वतःच्या वेळेवर स्वतःचे नियंत्रण. सुटीतील वकिलाच्या स्थितीला ही कसोटी लावली तर पहिला व चौथा हे दोन घटक प्रामुख्याने हरवलेले दिसतात. न्यायालय बंद असते, पण भ्रमणध्वनी सुरू असतो. ई-फाइलिंगमुळे दाखल करण्याचे काम घरातूनही होऊ शकते, म्हणून ते घरातही शिरते.

अपूर्ण राहिलेले काम मनात घोळत राहते, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले. २०११ मध्ये मासिकाम्पो व बाउमायस्टर यांच्या प्रयोगांतून त्याला उपयुक्त जोड मिळाली. अपूर्ण काम पुढे केव्हा व कसे करायचे याची निश्चित योजना आखली, तर काम पूर्ण झालेले नसतानाही त्याचे मनावरील आक्रमण कमी होते. वकिलाचे काम कधीच पूर्ण संपत नाही. म्हणून त्याच्यासाठी हा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे. सुटीच्या लाभांवरील संशोधन असेही सांगते की, हे लाभ काम पुन्हा सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. त्यामुळे वर्षभराचा थकवा एका दिवाळीत भरून काढण्याची अपेक्षा व्यर्थ ठरते.

६. व्यवस्थापनाचे तीन स्तर :

(अ) वकिलाचे कार्यालय : सुटीचे नियोजन सुटी लागण्यापूर्वी किमान तीन आठवडे सुरू झाले पाहिजे. प्रत्येक प्रकरणाची नोंद 'सुटीत थांबणारी मुदत' आणि 'सुटीतही चालू राहणारी मुदत' अशा दोन याद्यांत करावी. दुसऱ्या यादीतील कामे सुटीपूर्वी हातावेगळी करावीत. प्रतिपक्ष सुटीत एकतर्फी आदेश घेण्याची शक्यता असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ अन्वये कॅव्हेट दाखल करावे. ते ९० दिवस अमलात राहते. उरलेल्या प्रत्येक कामापुढे ते करावयाचा दिवस लिहावा. झायगार्निकच्या निरीक्षणावरचा व्यावहारिक उपाय तोच आहे. पक्षकारांना सुटीच्या आरंभीच कळवावे की अटक, ताबा वा पाडकाम यांसारख्या तातडीच्या प्रसंगी कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या वेळेत संपर्क साधावा. अन्य चौकशीसाठी न्यायालय उघडण्याच्या आदल्या दिवसाची वेळ द्यावी. तातडी म्हणजे काय हे आधी ठरले नसेल, तर प्रत्येक दूरध्वनी तातडीचाच ठरतो.

(आ) वकील संघ : एकट्या वकिलाला पूर्णतः अलिप्त होता येत नाही, दोघा-चौघांना आळीपाळीने होता येते. विश्वासू सहकाऱ्यांच्या लहान गटाने पक्षकाराच्या संमतीने सुटीतील दिवस वाटून घेतल्यास रिमांड व तातडीचे अर्ज त्या-त्या दिवशीचा वकील पाहू शकतो. वकील संघाने अशा गटांची नोंद ठेवावी, लहान मुले वा वृद्ध घरी असलेल्यांच्या सोयीचा विचार करावा आणि कनिष्ठांच्या सुटीतील कामाचा मोबदला आधी ठरविण्याचा संकेत घालून द्यावा. बोनसच्या प्रश्नात बुटीबोरीतील व्यवस्थापने व संघटना यांनी वाटाघाटी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरू केल्यास दिवाळीच्या तोंडावरील संघर्ष बराच टळेल. हा सल्ला देण्यास वकिलापेक्षा योग्य व्यक्ती कोणी नाही. मानसिक त्रास तीव्र असेल तेथे नियोजन पुरत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक बाररूमच्या फलकावर लावणे हे कोणत्याही संघाला सहज करता येण्यासारखे काम आहे.

(इ) विधी महाविद्यालय : बुटीबोरीनजीक वारंगा येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा परिसर आहे, नागपुरात जुनी विधी महाविद्यालये आहेत. विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वाद निवारण आणि अभिरूप न्यायालय व प्रशिक्षण हे चार प्रायोगिक विषय अनिवार्य आहेत. यांत नव्या विषयाची भर न घालताही बरेच करता येईल. मसुदालेखनाच्या तासाला विद्यार्थ्याकडून सुटीचे दिवस धरून मुदतीची प्रत्यक्ष गणना करून घ्यावी. व्यावसायिक नीतीच्या तासाला पक्षकाराप्रती असलेले कर्तव्य आणि स्वतःच्या आरोग्याप्रती असलेले कर्तव्य यांचा एकत्र विचार व्हावा. कारण थकलेल्या वकिलाच्या हातून चुकलेल्या मुदतीची किंमत पक्षकारच मोजतो. प्रशिक्षणाच्या दैनंदिनीत विद्यार्थ्याने ज्येष्ठांच्या युक्तिवादासोबतच त्यांच्या कार्यालयातील वेळेच्या व्यवस्थेचीही नोंद करावी.

समारोप :

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मार्च २०२५ मध्ये २५ जुलै हा आंतरराष्ट्रीय न्यायिक स्वास्थ्य दिन म्हणून घोषित केला. न्यायाधीशांच्या स्वास्थ्याचा न्यायाच्या गुणवत्तेशी संबंध आहे, ही गोष्ट त्यातून मान्य झाली. तोच न्याय वकिलालाही लावला पाहिजे.

वरील विवेचनावरून असे दिसते की, सणासुदीच्या काळातील वकिलांचा ताण मुख्यतः तारखांच्या टकरीतून निर्माण होतो : मुदतीची तारीख, अटकेपासून मोजलेला दिवस, बोनसची तारीख आणि सणाची तिथी. योग, ध्यान, व्यायाम यांचे मोल आहेच. तथापि ज्याचा ३० वा दिवस उद्या संपतो आहे, त्याला आज प्राणायामाने स्वस्थता मिळणे कठीण. त्याला स्वस्थता मिळेल ती तीन आठवडे आधी केलेल्या यादीने, दिवस वाटून घेणाऱ्या सहकाऱ्याने आणि तातडी कशाला म्हणावे हे समजून घेतलेल्या पक्षकाराने. न्यायालयाची सुटी परिपत्रकाने जाहीर होते. वकिलाची सुटी त्याचे कार्यालय, त्याचा संघ आणि त्याला घडविणारे महाविद्यालय यांना मिळून तयार करावी लागते. या तिघांपैकी महाविद्यालयाचा क्रम पहिला लागतो; कारण दिवस मोजण्याची आणि दिवस वाटून घेण्याची सवय वकीलपत्रावर पहिली सही करण्यापूर्वी लागली, तर ती पुढे टिकण्याची शक्यता अधिक असते.